सबनीसांचं बावन्नावं चित्र

सबनीस मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे आणि कमरेत वाकलेले. अमेरिकेतलं नेपरव्हिल गाव, जानेवारी महिना, सकाळचे नऊ, बाहेर गुडघाभर बर्फ. मुलगा सुरेश आणि सूनबाई वैशाली सातच्या ट्रेनने शिकागोला कामावर गेलेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभा होतो. पलीकडच्या घरामागच्या अंगणात एक माणूस बर्फात खड्डा करून त्याच्यावर वाकून उभा. हातात भाला. पायाखाली कसलंतरी केसाळ कातडं. माझा चहा संपला, तो हलला नाही. मी आंघोळ करून आलो, देवाला हात जोडले, परत खिडकीशी आलो. तो तसाच.

मी घाबरलो. यात लाजायचं काय? आमची मंडळी, हौसा, जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि त्या काळात मला सगळ्याचीच भीती वाटायची. घर गरम करणारी तळघरातली भट्टी धडधडून चालू झाली की भीती. फोन वाजला की भीती, कारण पलीकडून इंग्रजी येणार. सगळ्यात जास्त भीती बर्फाची. एवढा येतो आणि आवाज करत नाही. आवाज न करता येणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही.

मला वाटलं, माणूस उभ्या उभ्या गोठून मेला. फ्रिजवर चिकटवलेला नंबर बघून सुरेशला ऑफिसात फोन लावला.

"अण्णा, ते सबनीसकाका आहेत. त्यांचं इन्युइटचं चाललंय."

"कशाचं?"

"संध्याकाळी सांगतो. मीटिंगमध्ये आहे."

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. दुसऱ्या बाजूच्या गोऱ्या म्हातारीने बोलावली असणार. दोन धिप्पाड पोलीस मागच्या अंगणात शिरले. सबनीसांनी मागे न बघता एक हात वर केला, गप्प, असा. आणि काय सांगू, ते दोघंही थांबले. तेही खड्ड्याकडे बघत उभे राहिले. मी खिडकीत, पोलीस अंगणात, सबनीस खड्ड्यावर. चौघंही काहीतरी वर येण्याची वाट बघतोय. शेवटी एक पोलीस शिंकला. सबनीस सरळ झाले, कोटाच्या खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं. ती वही मी पुढे वाचली. मराठीत लिहिलं होतं : 'पोलीस – नऊ मिनिटं. भाल्यामुळे जास्त थांबले असावेत.'

संध्याकाळी सुरेशने खुलासा केला. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रावर इन्युइट लोक राहतात. बर्फाखालचा सील श्वास घ्यायला एका ठरावीक भोकाशी येतो. शिकारी त्या भोकावर तासन्‌तास न हलता उभा राहतो, पायाखाली कातडं टाकतो, म्हणजे पावलाचा आवाज सीलला जात नाही. सबनीसांना त्यावर सिनेमा काढायचा होता, आणि उभा राहिलेला माणूस बघणाऱ्याला किती वेळ धरून ठेवतो हे ते मोजत होते.

"एस्किमो म्हण की सरळ," मी म्हणालो.

"सबनीसकाकांसमोर म्हणू नका. तो शब्द त्या लोकांना अपमानाचा वाटतो. एक तास ऐकून घ्यावं लागेल."

मी म्हणालोच. एक तास ऐकून घेतलं.

सबनीस मूळचे नागपूरचे, रेफ्रिजरेशन इंजिनिअर. साठ सालानंतर लगेच इकडे आलेल्या पहिल्या खेपेतले. आयुष्यभर शीतगृहं बांधली. एका हिवाळ्यात कंपनीने त्यांना कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, गोठलेल्या समुद्राकाठच्या एका वस्तीत जनरेटर बसवायला पाठवलं. थंडी बनवणाऱ्या माणसाला तिथे का पाठवलं, ते कंपनीलाच ठाऊक. तिथल्या एका म्हातारीच्या शेजारी ते चार महिने राहिले. ते तिला आजी म्हणत. तिची भाषा यांना येत नाही, यांची तिला नाही. आठवडाभर वादळ चाललं, दार उघडेना, तेव्हा त्या आजीने नुसत्या हातांनी आणि चेहऱ्याने आपल्या नवऱ्यावर ओढवलेला एक प्रसंग यांना सांगितला. सबनीस परत आले ते तो सिनेमा डोक्यात घेऊनच. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली. लग्न केलेलं नव्हतं. "राहून गेलं," असं म्हणायचे, बसमध्ये छत्री राहून जावी तसं.

"तिने मला एका शब्दाशिवाय सांगितलं," ते म्हणायचे, "मीही एका शब्दाशिवाय दाखवणार. शब्द म्हणजे कुबड्या." आणि हे पटवायला पाऊण तास बोलायचे.

मराठी मंडळाच्या संक्रांतीला एका डॉक्टरने त्यांना छेडलं, "काय सबनीस, तुमची आजी इग्लूत कशी आहे?" सबनीस तिळगूळ हातात धरून म्हणाले, "माझी आजी लाकडी घरात राहते. तिच्याकडे टीव्ही आहे. तुम्ही बघता त्याच भिकार मालिका तीसुद्धा बघते." आणि तिळगूळ परत ताटात ठेवला.

त्याच संक्रांतीला वैशालीने त्यांना सांगितलं की आमचे अण्णा टूरिंग टॉकीजमध्ये होते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सबनीस दारात.

"तुम्ही तंबूतला सिनेमा चालवत होतात?"

"ऑपरेटर होतो. बत्तीस वर्षं. सातारा-सांगलीच्या सगळ्या जत्रा."

"आवाज गेला की काय करायचात?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आमच्या मशीनचा आवाज आठवड्यातून दोनदा तरी जायचा. मालकाचा हुकूम होता, पिक्चर थांबवायचा नाही. पब्लिक बसून राहिलं तर पिक्चर चांगला. तंबूवर दगड आले तर वाईट. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण मुक्या सिनेमाची ही परीक्षा मला पाठ आहे.

सबनीसांनी माझे दोन्ही हात धरले. "ऑपरेटरसाहेब, मला दगड मारणारं पब्लिक पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवसापासून रोज दहा ते बारा मी त्यांच्याकडे. घर कसलं, शीतगृहच. हीटर मुद्दाम कमी, कानटोपी घालून बसायचे, फोनवर गोधडी टाकलेली. बैठकीच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधलेली आणि तिच्यावर चिमट्यांनी लावलेली चित्रं, सिनेमा काढण्याआधी त्यातला एकेक प्रसंग कागदावर मांडलेला. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे पुठ्ठे, काळा आणि पांढरा रंग, मध्येच दिव्याचा पिवळा. मला खुर्चीत बसवायचे आणि स्वतः चित्रांकडे पाठ करून माझ्यासमोर बसायचे, हातात स्टॉपवॉच. ते चित्र बघायचे नाहीत, माझं तोंड बघायचे.

मी काही म्हणायला गेलो की, "बोलू नका. बघा."

"अहो, पण हा कोण?"

"बोलू नका. बघा."

बघितलं. एक घर. एक बाई दगडी दिव्याशी बसलेली. दिवा अर्ध्या चंद्रासारखा, सीलच्या चरबीवर जळणारा, कडेने शेवाळाची वात. ती काडीने वात सारखी करतेय. नवरा भाला घेऊन बाहेर पडतो. समुद्र गोठलेला, जमीन कुठे संपली ते कळत नाही. तो भोकाशी उभा राहतो. एक चित्र, दोन, पाच, तोच माणूस, तसाच. भोकावर एक पीस लावलेलं, सील आला की हलणारं. पीस हलत नाही.

सतरावं चित्र वरून काढलेलं. माणूस मुंगीएवढा, वाकलेला. आणि त्याच्या मागे, तो आणि घर यांच्यामध्ये, केसाएवढी बारीक काळी रेघ. बर्फ तडकलाय. त्याला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे.

"अरं मागं बघ!" मी खुर्चीतून उठून ओरडलो. नेपरव्हिलमध्ये, पुठ्ठ्यावरच्या माणसाला, मराठीत.

सबनीसांनी घड्याळ दाबलं. चेहरा असा फुलला, जणू मुलगा झाला. "अकरा सेकंद! अकरा सेकंद घाबरलात, ऑपरेटरसाहेब!"

त्या रात्री मला झोप आली नाही, हे त्यांना सांगितलं तर त्यांनी तेही वहीत लिहिलं.

पुढे तो बर्फाचा तुकडा माणसासकट समुद्रात वाहत जातो. दिवसामागून दिवस. खायला काही नाही. तेविसाव्या चित्रात सबनीसांनी पांढरं अस्वल आणलं होतं. मी सरळ सांगितलं, "अस्वल काढा."

"का? भीती वाटत नाही?"

"अस्वलाची वाटते. पण अस्वल आलं की पब्लिक अस्वलालाच बघतं, माणसाला कोण बघतो? आमच्या तंबूत वाघाचा पिक्चर आला की हिरो मेला तरी कुणाला पत्ता नसायचा."

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोरीवर अस्वल नव्हतं.

अडतिसावं चित्र आलं त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. वाहत्या बर्फावर शेवटी त्याला सील मिळतो. तो मूठभर बर्फ तोंडात घालून वितळवतो, मेलेल्या सीलवर वाकतो आणि आपल्या तोंडातलं पाणी त्याच्या तोंडात सोडतो. डोळ्यांतून धारा लागलेल्या. जवळून काढलेलं, दोनच तोंडं.

मी उठलो, कोट घातला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सबनीस आले आणि आमच्या स्वयंपाकघरात नुसते बसले. स्टॉपवॉच आणलं नव्हतं. मग मीच सांगितलं, जे सुरेशलाही सांगितलेलं नाही. हौसा हॉस्पिटलात शेवटी दोन दिवस पाणी मागत होती. नर्स मान हलवायची, नाही. माझ्या पिशवीत काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तोंड बंद केलेला. तो मी बाहेर काढला नाही. लोकांना मी सांगतो की नर्सने देऊ दिलं नाही. खरं ते नाही. नर्स नाही म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. पाणी घातलं म्हणजे ती चालली हे मी कबूल केलं असतं. मला भीती वाटली, म्हणून ती तशीच गेली.

"मीसुद्धा तेच समजून काढलंय," सबनीस म्हणाले. "आजीने तोंडात पाणी घेऊन दाखवलं, आणि मला वाटलं, शेवटचं पाणी. आपल्यासारखंच."

"मग काढून टाका."

"तिची गोष्ट आहे. मी कोण काढणारा?" आणि मग खरी गोष्ट बाहेर पडली. निघताना त्यांनी त्या आजीला वचन दिलं होतं. सगळी चित्रं आधी तिला दाखवायची. ती हो म्हणाली तर सिनेमा, नाही म्हणाली तर पेटी बंद. ती आता ऐंशीच्या पुढे. चित्रं सहा वर्षांपासून तयार होत होती आणि सहा वर्षं पाठवायची राहत होती.

"सबनीस, तुम्ही त्या म्हातारीला घाबरता."

"हो."

"आणि ती मेली तर?"

"त्यालाही घाबरतो."

"मग एक भीती तरी कमी करा की."

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. सबनीस चित्रांच्या नकलांचं पुडकं छातीशी धरून रांगेत उभे. आमचा नंबर आला की मागच्याला म्हणायचे, आफ्टर यू. तीन माणसं अशी पुढे गेली. चौथ्या वेळी मी पुडकं ओढून काउंटरवर आपटलं. काउंटरवरच्या बाईने काहीतरी विचारलं, मी "येस" म्हणालो. तेवढं इंग्रजी पुरलं.

मग सहा आठवडे. टपालाची गाडी दीडला यायची. सव्वाला सबनीस आमच्याकडे येऊन बसायचे, कारण आमच्या खिडकीतून त्यांची टपालपेटी दिसायची. स्वतःच्या खिडकीतून बघायचं धाडस नव्हतं. गाडी पुढे गेली की, "गेली का?" "गेली." "थांबली नाही?" "नाही." मग चहा. बर्फ वितळायला लागला, त्यांच्या अंगणातला खड्डा चिखलाने भरला. वैशाली म्हणाली, "अण्णा, काकांना डॉक्टरकडे न्यायला हवं." मी म्हटलं, त्यांचा आजार टपालाने येणार आहे.

आलं. जाड पाकीट. सबनीस ते घेऊन माझ्याकडे आले आणि टेबलावर ठेवलं. त्यांना उघडवेना, मला वाचता येईना. शेवटी मी उघडलं आणि कागद त्यांच्या तोंडासमोर धरून उभा राहिलो. आजीची नात तिथल्या दवाखान्यात काम करते, तिने इंग्रजीत लिहिलं होतं. सबनीस वाचत होते आणि मला मराठीत सांगत होते.

"आजीने तीन दिवस चित्रं बघितली. बर्फ तडकतो तिथे ती ओरडली."

"ओरडणारच," मी म्हणालो.

"अडतिसाव्या चित्रावर ती विचारते, हा रडतोय कशाला? सील आयुष्यभर खाऱ्या पाण्यात राहतो. तो तहानलेला येतो. पाहुणा तहानलेला आला तर पाणी देतात. त्याला गोड पाणी मिळालं की तो पुन्हा येतो. माझा नवरा त्या दिवशी हसत होता. उपाशी होता, वेडा नव्हता."

सबनीस थांबले. दोन म्हातारे, दोघांनीही एकच चूक केलेली. तोंडात पाणी घालायचं म्हटलं की आम्हाला मरणाशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. आणि मला एकदम कळलं की हौसाने गंगा मागितली नव्हती. तिला तहान लागली होती. मी खुर्चीत बसलो. सबनीसांनी नळाचं पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. मी प्यायलो.

"पुढे वाचा."

पुढे ते वाचेनात. मी ओरडलो तेव्हा वाचलं. "शेवटचं चित्र कोरं आलंय, असं ती म्हणते. वाटेत पुसलं गेलं का? नवरा घरी आला तेव्हा काय झालं, ते मी तुला हातांनी सांगितलं होतं. ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. लवकर पाठव. माझे डोळे चाललेत."

बावन्नावं चित्र मी कधी बघितलंच नव्हतं. विचारलं की म्हणायचे, रंग ओला आहे.

"कोरं पाठवलंत?"

सबनीसांनी कानटोपी काढली. डोक्यावर केस विरळ होते. "तिने हातांनी काय सांगितलं, ते मला समजलं नाही, ऑपरेटरसाहेब. बाकी सगळं समजलं. समुद्र समजला, भूक समजली. तो घरात शिरतो, आणि मग ती काय करते, ते नाही. पंधरा वेळा काढलं. धावत येते, गळ्यात पडते, सिनेमात करतात तसं. सगळं खोटं दिसतं." कानटोपी टेबलावर ठेवली. "सव्वीस वर्षं मी माझ्या किल्लीने दार उघडतोय. आत कुणी असलं तर काय करतं, हे मी कुठे बघितलंय?"

हा माणूस सीलच्या भोकावर वाकायचा तेव्हा सगळं गाव हसायचं. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना.

मी म्हटलं, "कागद काढा." आणि सांगितलं. एका वर्षी कृष्णेच्या काठावरच्या जत्रेत वादळ झालं, तंबू उडाला, आणि गावाकडे बातमी गेली की ऑपरेटर खांबाखाली सापडून मेला. मी आठव्या दिवशी घरी पोहोचलो. हौसा चुलीपुढे, दाराकडे पाठ. माझं पाऊल वाजलं. तिने मान वळवून एकदा बघितलं आणि परत तव्याकडे वळली. उठली नाही, रडली नाही. काटवटीतून दुसरा गोळा घेऊन थापायला लागली. "पीठ दोघांचं मळलेलं होतं, सबनीस. आठही दिवस ती दोघांचं मळत होती. हे मला शेजारणीने मागाहून सांगितलं."

सबनीसांनी घड्याळ लावलं नाही. तिथेच, आमच्या टेबलावर, वैशालीच्या पेन्सिलीने काढलं. दिव्याशी बसलेली बाई, पाठमोरी. दारात माणूस. ती उठलेली नाही. तिच्यापुढे दोन वाडगी.

त्याची नक्कल काढून ठेवली आणि ते गेलं त्याच पोस्टातून. या वेळी त्यांनी स्वतः दिलं. तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे गोधडीखाली फोन वाजला. सबनीसांनी उचलला, "येस, येस" म्हणाले. मग रिसीव्हर माझ्या कानाला लावला. लांबून, वाऱ्यासारखी खरखर, आणि त्या खरखरीत एक म्हातारी हसत होती. मग काहीतरी बरंच बोलली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"मला काय कळतंय? पण हो म्हणतेय."

नातीने मग इंग्रजीत सांगितलं. हो. फक्त अडतिसाव्या चित्रातलं रडणं पुसायचं. वाडगी दोनच, बरोबर आहेत.

एप्रिलमध्ये शिकागोतल्या कुणा सिनेमावाल्यांनी सबनीसांना चित्रं घेऊन बोलावलं. सकाळच्या ट्रेनने गेले. जाताना किल्ली माझ्याकडे दिली, पुन्हा थंडीची लाट आलीय, पाइप गोठतील, नळ थेंबथेंब सोडून ठेवा म्हणून. मी चारला गेलो, नळ सोडला. मग त्या थंडगार घरात थोडा वेळ उभा राहिलो. हीटर वाढवला. दिवे लावले. शिकागोतल्या देशी बाजारातून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेलं बेसन आमच्या घरात होतं, ते घेऊन आलो आणि पिठलं टाकलं.

सहाच्या सुमाराला बाहेर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. बराच वेळ कुणी आत येईना. मग दार हळूच ढकललं गेलं. सबनीस एका हातात चित्रांची पेटी, दुसऱ्या हातात बर्फ ओढायचं फावडं घेऊन उभे, तोंड पांढरंफटक.

"कोण आहे आत?"

"चोर पिठलं करतो का, सबनीस? बूट बाहेर काढा."

फावडं खाली आलं. ते उंबऱ्यावर तसेच उभे राहिले, एकदा दिव्याकडे, एकदा गॅसकडे बघत. शिकागोत काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वाकून नाड्या सोडायला लागले. दोन नाड्यांना किती वेळ लागतो? खूप लागला. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि ढवळत राहिलो. पिठल्याला अजून एक कढ यायचा होता.